मुलांचा अडथळा

जिल्हा परिषदेच्या शाळा उत्तम चालू शकतात. अडथळा एकच आहे, तो मुलांचा.

हे मी हवेत बोलत नाही, सरकारी कागद पुढ्यात घेऊन बोलतो आहे. २०२०-२१ हे शैक्षणिक वर्ष आठवा. करोनामुळे शाळांना कुलपं होती. खेड्यापाड्यांतले पाचवी ते आठवीचे वर्ग जानेवारीअखेर उघडले न उघडले तोच पुन्हा मिटले. पहिली ते चौथीच्या लेकरांनी तर वर्षभर वर्गाचा उंबरा ओलांडला नाही. नेमक्या त्याच वर्षाच्या केंद्र सरकारच्या ‘कामगिरी श्रेणी निर्देशांका’त महाराष्ट्राने १००० पैकी ९२८ गुण मिळवले आणि केरळ, पंजाबच्या मांडीला मांडी लावून देशात पहिला बसला. वर्गात पोरं नसताना ९२८! ती असती तर किती गुण गेले असते, कल्पना करवत नाही.

गुणपत्रिका उलगडली की कोडं सुटतं. त्या वर्षी निकष एकूण ७०. मुलं काय शिकली याला १८० गुण आणि कारभाराच्या प्रक्रियेला ३६०. पोराला वाचता येण्याच्या बरोबर दुप्पट. हा हिशेब गावातल्या गुरुजींना कुणी समजावून सांगावा लागत नाही. त्यांचा मोबाइल सकाळपासून तोच सांगत असतो.

पत्र मुंबईत मंत्रालयात जन्माला येतं. तिथून पुण्याला आयुक्तालय, मग शिक्षणाधिकारी, गटशिक्षणाधिकारी, विस्तार अधिकारी आणि आसपासच्या शाळांचे केंद्रप्रमुख अशा पायऱ्या उतरत ते शाळेत येतं. प्रत्येक पायरीवरचा अधिकारी शहाणा असतो. आपल्याला उशीर नको म्हणून तो मुदतीतले काही दिवस स्वतःसाठी कापून ठेवतो. त्यामुळे पंधरा दिवसांची मुदत घेऊन निघालेलं पत्र केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचतं तेव्हा ‘अतितात्काळ, आज सायंकाळी ५ पर्यंत’ झालेलं असतं. पोचण्याची वेळ पावणेपाच. खाली लिंक. लिंकखाली केंद्रप्रमुखांची प्रेमळ तळटीप : ‘आपल्या केंद्राचं काम शंभर टक्के झालं पाहिजे.’ केंद्रप्रमुख तरी काय करणार? शेजारच्या दोन केंद्रांचा प्रभार त्यांच्याच गळ्यात असतो. एकच पत्र ते तीन ग्रुपवर टाकतात आणि तीन ग्रुपवरून त्यांना अंगठे येतात.

आता द्विशिक्षकी शाळा डोळ्यांसमोर आणा. चार इयत्ता, दोन खोल्या, दोन शिक्षक. त्यातले एक प्रभारी मुख्याध्यापक, म्हणजे लिंकवाले. ते रेंज शोधत पाण्याच्या टाकीकडे गेले की उरलेल्या बाईंकडे चार इयत्ता. पहिली पाटीवर, दुसरी पाढ्यावर, तिसरी फळ्यावर आणि चौथीने पहिलीला सांभाळायचं. शिक्षणशास्त्रात याला बहुवर्ग अध्यापन असं भारदस्त नाव आहे.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून कोणतंही अशैक्षणिक काम शिक्षकाला देता येत नाही. सरकार कायदा पाळतं. म्हणून आता कोणतंच काम अशैक्षणिक राहिलेलं नाही. २०२४ मध्ये तर शैक्षणिक काम कोणतं आणि अशैक्षणिक कोणतं, याचं रीतसर वर्गीकरण करणारा शासन निर्णयच निघाला. त्याची प्रत गुरुजींच्या फाइलमध्ये आहे. वाचायला वेळ मिळालेला नाही.

पण मुलांचा खरा उपद्रव कळतो तो संचमान्यतेच्या वेळी. शाळेला शिक्षक किती, हे ठरतं पटावरून. आणि पटावर कोण, हे ठरतं आधारवरून. पोरगी समोर पहिल्या बाकावर बसलेली असते. गुरुजींना दिसते, बाईंना दिसते, खिचडीच्या पातेल्याला तर रोजच दिसते. सरकारच्या पोर्टलला दिसत नाही. कारण शाळेच्या रजिस्टरात ती वैष्णवी आहे आणि आधारवर वैश्नवी. म्हणजे ‘मिसमॅच’. मिसमॅच म्हणजे अवैध, अवैध म्हणजे नाहीच. तिची आई मजुरी बुडवून तिला तालुक्याला नेते, तिथे मशीन पोरीच्या बोटांचे ठसे घेत नाही, पुढच्या सोमवारी यायला सांगतात. अशा दोन-तीन वैष्णवी निघाल्या की पट घसरतो, एक पद उडतं आणि एक गुरुजी ‘अतिरिक्त’ ठरून समायोजनाच्या रांगेत उभे राहतात. पोरगी मात्र त्याच बाकावर बसलेली असते. पोर्टलने तिला दुरुस्त केलं नाही तोवर तिने शिकू नये, अशी समज तिला द्यायला हवी.

मुलं मापात बसत नाहीत, ही तक्रार गणवेशाच्या वेळीही सिद्ध झाली. ‘एक राज्य, एक गणवेश’ ही कल्पना कागदावर देखणी होती. पूर्वी शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात पैसे यायचे, गावातला नाहीतर बाजाराच्या गावचा शिंपी मापं घ्यायचा आणि पोरगं झेंड्याला नव्या कपड्यांत उभं राहायचं. यात राज्यस्तरीय असं काहीच नव्हतं. म्हणून २०२४-२५ मध्ये कापड वरून आलं आणि शिलाईचं काम महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचतगटांकडे गेलं. कित्येक शाळांत स्वातंत्र्यदिन उलटला तरी गणवेश पोचला नाही. पोचला तिथे चौथीच्या पोराची विजार कमरेवरून निसटू लागली आणि पहिलीच्या पोराचा सदरा त्याच्या थोरल्या भावाला नेमका बसला. दोष गणवेशाचा नव्हता हो. पोरंच वेगवेगळ्या उंचीची निघाली. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने माघार घेतली आणि काम परत समित्यांकडे, म्हणजे त्याच शिंप्याकडे दिलं. एवढा फेरा मारून आपण जिथे होतो तिथे सुखरूप परत आलो, याबद्दल कुणीतरी अहवाल लिहायला हवा. लिहिलाही असेल.

पैशाचं म्हणाल तर तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षा योजनेतून वर्षाला १०,००० रुपये मिळतात. त्यात खडू, विजेचं बिल, रंगरंगोटी, झाडू, पाण्याची टाकी, झेरॉक्स आणि ‘डिजिटल शाळा’. महिन्याला साधारण आठशे तेहतीस रुपये. मोबाइलचा रिचार्ज यात धरलेला नाही, तो गुरुजींच्या खिशातून. पोषण आहारात मध्यंतरी ‘तीन संरचित आहार’ आला : भात, मोडाचं कडधान्य आणि खीर. खिरीची साखर मात्र लोकसहभागातून आणायची. अंड्यांचंही तसंच झालं. आधी आठवड्याला एक अंडं सुरू केलं, मग २०२५ च्या जानेवारीत त्याचे पैसे थांबवून तेही लोकसहभागावर सोपवलं. ज्या गावातली माणसं उसाच्या फडावर सहा महिने बाहेर असतात, तिथे लोक कुठून आणायचे ते शासन निर्णयात लिहिलेलं नाही. हे सगळं चुलीवर शिजवणाऱ्या ताईंचं मानधन महिन्याला अडीच हजार. त्यांना कुणी लिंक पाठवत नाही, एवढं एकच सुख.

गुरुजी शाळेत स्वतःच येतात की भाड्याचा माणूस पाठवतात, या शंकेवरही २०२२ मध्ये उपाय निघाला : वर्गात गुरुजींचा फोटो लावा, ‘आपले गुरुजी’. ज्या वाडीत गुरुजींच्या मोटारसायकलचा आवाज म्हशीसुद्धा ओळखतात, तिथे त्यांचा रंगीत फोटो भिंतीवर आला. २०२४ मध्ये मुलांची पाळी आली. मुख्यमंत्र्यांचं पत्र हातात धरून सेल्फी काढायची आणि अपलोड करायची. त्या सेल्फींची नोंद गिनीज बुकात झाली. पत्र वाचता किती जणांना आलं, याची नोंद करणारं बुक अजून निघायचं आहे.

तशी नोंद करणारे आगाऊ लोक आहेत म्हणा. ‘प्रथम’ संस्थेची ‘असर’ पाहणी २००५ पासून चालू आहे. हे लोक शाळेच्या दप्तरावर थांबत नाहीत. घरी जातात, पोराला ओसरीवर बसवतात आणि दुसरीच्या पातळीचा उतारा पुढे ठेवतात. २०२४ मध्ये देशातल्या ग्रामीण भागात पाचवीतल्या निम्म्याहून किंचित कमी मुलांना तो वाचता आला. ९२८ कुठे आणि हे कुठे! याचं कारण उघड आहे : त्यांनी थेट मुलांनाच विचारलं. जबाबदार यंत्रणा असं करत नाही.

यावर सरकारने मूलगामी उपायाकडे पावलं टाकलेली आहेत. २०२३ मध्ये मोजले तेव्हा वीसहून कमी पटाच्या शाळा राज्यात पंधरा हजारांच्या आसपास निघाल्या. त्यांची मुलं एकत्र करून ‘समूह शाळा’ काढायच्या, असं ठरलं. दाखला पानशेत आणि तोरणमाळच्या तशा शाळांचा. पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा हवी, असं कायदा सांगतो. समूह शाळेच्या वाटेवर मात्र ओढा आहे, बिबट्या आहे आणि पावसाळ्यात न येणारी बसही आहे. पुढे मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निकषांत सहावी ते आठवीला वीसपेक्षा कमी मुलं असतील तर शिक्षकाचं पद शून्य. मुलं आहेत आणि शिक्षक शून्य. मुलांचा अडथळा संपण्याच्या आपण किती जवळ पोचलो आहोत पाहा. आता फक्त मुलंही शून्य करायची.

आणि वरून हे सगळं बघायला लोकांनी निवडून दिलेलं कुणी असावं, अशी १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा निघाल्या तेव्हाची भाबडी समजूत होती. मार्च २०२२ मध्ये बहुतेक परिषदांची मुदत संपली आणि पुढची कित्येक वर्षं तिथे प्रशासक बसले. शिक्षण समिती नव्हती, सभापती नव्हते, ‘आमच्या वाडीला गुरुजी का नाही’ म्हणून टेबल ठोकणारा सदस्यही नव्हता. कार्यालयात इतकी शांतता पूर्वी कधी नव्हती.

काही खेडूत मात्र गोंधळ घालतात. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ जणांना वाटून टाकली. पुढे फुलब्राइट शिष्यवृत्तीसाठी त्यांनी रजा मागितली, तेव्हा २०२२ च्या जानेवारीत त्या अर्जावरून राज्यभर गदारोळ झाला आणि शिक्षणमंत्र्यांना मध्ये पडावं लागलं. जगाने त्यांचे पाठ्यपुस्तकांतले क्यूआर कोड पाहिले होते. आपल्याला हजेरीपट पाहणं भाग होतं. खेड तालुक्यातली जालिंदरनगरची शाळा तर पटाअभावी बंद पडायला आली होती. ती वेळेवर बंद केली असती तर २०२५ मध्ये जागतिक शाळा स्पर्धेत तिला लोकपसंतीचा पुरस्कार मिळण्याची नामुष्की टळली असती. गावाने आणि शिक्षकांनी मिळून ती उभी केली. पटाच्या तक्त्यात अशा हट्टासाठी रकाना नाही.

म्हणून माझा प्रस्ताव साधा आहे. इमारत राहू द्यावी, फोटो राहू द्यावेत, पोर्टल, लिंक आणि ग्रुप तर हवेतच. मुलं तेवढी काढावीत. हजेरी चॅटबॉटवर घ्यावी, कारण तीही मुलांशिवाय घेता येते. २०२०-२१ मध्ये हुकलेले ७२ गुणही मग आपलेच.

प्रस्ताव मंजूर व्हायला अडचण एकच आहे. कायद्याने प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. बहुतेकांना हे ठाऊक नसतं. रजिस्टर शेताच्या बांधावर येतं, सही होते, रजिस्टर जातं. तुम्ही त्यांतले एक असाल तर पुढच्या वेळी सही करण्याआधी इतिवृत्त वाचा. आपण कोणत्या तारखेला, कोणत्या ठरावाला अनुमोदन दिलं, तेही त्यात लिहिलेलं असतं.