खोल बाजूच्या पोपड्यास खुले पत्र

प्रति,
सन्माननीय पोपडा,
इनलेटशेजारी, खोल बाजू,
एक सार्वजनिक जलतरण तलाव, सोलापूर.

विषय : आपल्या दीर्घायुष्याबद्दल अभिनंदन आणि एक सावधगिरीची सूचना.

महोदय,

साष्टांग नमस्कार. दर उन्हाळ्याआधी आपली दुरुस्ती होते आणि पारा ४३ वर जायच्या आत आपण पुन्हा हजर! ठेकेदार बदलले, साहेब बदलले, आपण मात्र अढळ.

आपला दानशूरपणा तर काय वर्णावा! २५ मीटर लांब, १२ मीटर रुंद तलावाचं पाणी एक सेंटीमीटर उतरलं, की ३,००० लिटर गेलं. ज्या गावात नळाची वाट बघत घागरी मांडून बसावं लागतं, तिथे आपण ते आपल्या आडच्या भेगेतून मुक्तहस्ते जमिनीला वाटता. खालची काळी माती ओलीने फुगते, वाळली की आकसते, तलावाच्या टाकीला नव्या भेगा पडतात आणि आपला वंश वाढतो. हिप्परग्याचा एकरूख तलाव १८७१ चा, बांध मातीचा. तो अजून पाणी अडवून बसलाय. जुन्या वळणाचा कंजूष, दुसरं काय!

आता सावधगिरीचं. "ऊन लई, पाणी उडून जातंय," असं म्हणणारे सगळे आपलेच. पण कुणी पायरीवर बादली ठेवून, आतलं पाणी तलावाच्या पातळीला जुळवून, दुसऱ्या दिवशी दोन्हीकडची घट मोजायला लागला, तर हुशार राहा. तलाव बादलीपेक्षा जास्त उतरला, की उन्हावरचा आळ गेला. मग तो पंप बंद करून आपल्या तोंडाशी शाईचा थेंब सोडेल. शाई भेगेत ओढली गेली, की आपलं बिंग फुटलं.

खरा वैरी तर त्यानंतर येतो. त्याला ठाऊक असतं, की इनलेटच्या पीव्हीसी पाइपाचं आणि सिमेंटचं जमत नाही; पाइप गुळगुळीत, शिवाय तापला की सिमेंटच्या कितीतरी पट वाढतो. तो पाणी इनलेटच्या खाली उतरवतो, हातोडीने टकटक करत पोकळ 'बद्द' आवाज कुठवर येतो ते ऐकतो आणि तेवढं सगळं छिन्नीने घट्ट काँक्रीटपर्यंत काढतो. खड्डा तोंडाशी अरुंद, आत रुंद ठेवतो, म्हणजे भरलेला माल निसटत नाही. पाइप पॉलिश पेपरने खरवडतो, धूळ धुतो, न आकसणारा ग्राउट ठासून भरतो, वरून पांढऱ्या सिमेंटचं प्लास्टर करतो आणि पाणी भरेपर्यंत त्यावर ओलं गोणपाट ठेवतो. खर्च फार नाही, पण वेळ लागतो. असा माणूस दिसला, तर आपलं काही खरं नाही.

तूर्त मात्र निश्चिंत असावे. यंदाचा मिस्त्री आला तो छिन्नीशिवाय. आपल्या अंगावरून त्याने पुट्टीचा पत्रा फिरवला आणि म्हणाला, "होतंय की साहेब, टेन्शन कशाला घ्यायलाव?" पुट्टी कोरड्या भिंतीची, रंग आकाशी, फोटो झकास, बिल पक्कं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक पासधारक

प्रत माहितीसाठी : पाण्यातल्या दिव्याभोवतीची भेग. पुढचं टेंडर आपल्याच नावाचं आहे, तयारीत राहावे.