पलीकडच्या टेबलावर विचारा

‘हे आमच्याकडे नाही, पलीकडच्या टेबलावर विचारा.’ तहसील कचेरीत हे वाक्य कानावर पडलं की भल्याभल्यांचा पारा चढतो. राग टेबल बदलावं लागतं याचा नसतोच. पलीकडचे भाऊसाहेब जेवायला गेलेले असतात, आणि परत आले की आपल्याला पुन्हा पहिल्या टेबलाकडे धाडतात, याचा असतो. आता, सगळं इंटरनेट नेमक्या याच वाक्यावर उभं आहे, आणि तरीही ते चालतं, हे मला कितीही वेळा वाचलं तरी पचत नाही.

जगातली पहिली वेबसाइटच घ्या. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत ती उभारली. पत्ता इन्फो डॉट सर्न डॉट सीएच, आणि तो आजही लागतो. आपण तो ब्राउझरच्या पट्टीत टाकतो आणि समजतो, याच्याकडे अख्ख्या जगाचा नकाशा असणार. त्याच्याकडे काहीही नसतं. नाव कळून उपयोग नाही, जायला आकड्यांचा पत्ता लागतो. आणि तो आकडा कुणाला ठाऊक आहे, हेही या गृहस्थांना ठाऊक नसतं. मग ते काम रिझॉल्व्हर नावाच्या मध्यस्थाच्या गळ्यात मारून ब्राउझर स्वस्थ बसतो. हा मध्यस्थ बहुधा आपल्या इंटरनेट कंपनीचाच असतो. खरी पायपीट त्याची.

तो आधी जातो रूट सर्व्हरकडे. रूट म्हणतो, ‘इन्फो-बिन्फो मला माहीत नाही बुवा. पण शेवटी सीएच आहे ना, म्हणजे स्वित्झर्लंड. त्यांचं टेबल तिकडे.’ स्वित्झर्लंडचं टेबल म्हणतं, ‘सर्नच्या नावांचा हिशेब सर्नवालेच ठेवतात, त्यांना विचारा.’ सर्नचं टेबल आकडा देऊन मोकळं होतं. तीन टेबलं झाली, दोन ठिकाणी नकार मिळाला, आणि कुणी जेवायला गेलेलं नव्हतं. मुख्य म्हणजे माहीत नसताना माहीत असल्याचा आव कुणी आणला नाही.

गंमत अशी की सगळ्यात वरच्या टेबलाला सगळ्यात कमी माहिती असते. (यात नवल ते काय, असं कुठल्याही कचेरीत वीस वर्षं काढलेला माणूस म्हणेल.) रूटची नावं तेरा, ए पासून एम पर्यंत. तेराच का, तर त्यांची यादी 512 बाइटच्या एका उत्तरात मावायला हवी होती, म्हणून. प्रत्यक्षात त्या तेरा नावांनी आज जगभर हजाराहून जास्त यंत्रं बसलेली आहेत, मुंबईतसुद्धा.

पूर्वी असं नव्हतं. सत्तरच्या दशकात सगळ्या नेटवर्कचे पत्ते एकाच फाइलमध्ये होते, आणि ती फाइल कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर या बाईंच्या चमूकडे असायची. नवा कॉम्प्युटर जोडलात की त्यांना कळवायचं, तेही कचेरीच्या वेळेत. मग बाकीच्यांनी ती फाइल उतरवून घ्यायची. एकच टेबल, सगळं ठाऊक. आपल्या मनातली आदर्श कचेरी! कॉम्प्युटर वाढले तशी ती कचेरी धापा टाकू लागली, आणि 1983 साली पॉल मॉकापेट्रिस यांनी ‘ज्याचं त्यानं सांभाळावं’ ही आजची व्यवस्था आखली. एक खिडकी योजनेच्या सगळ्या भक्तांनी ही हकिकत एकदा वाचावी.

रिझॉल्व्हर दर वेळी इतका हिंडत नाही. मिळालेलं उत्तर तो जपून ठेवतो, आणि प्रत्येक उत्तरावर मुदत लिहिलेली असते: हे इतके सेकंद खरं धरा, मग पुन्हा विचारा. आपल्याकडच्या उत्पन्नाच्या दाखल्यालाही मुदत असते, फक्त तो मिळेपर्यंत ती निम्मी सरलेली असते.

2014 पासून ‘डॉट भारत’ असा देवनागरी पत्ताही घेता येतो. पण जुन्या यंत्रणेला देवनागरी वाचता येत नाही, त्यामुळे आत शिरताना ‘भारत’ला आवक क्रमांक मिळतो: एक्सएन, दोन आडव्या रेघा, आणि पुढे एच2बीआरजे9सी. आत सगळीकडे तो याच नावाने वावरतो.

मधल्यामध्ये कुणी खोटं उत्तर दिलं तर? म्हणून उत्तरांवर सही-शिक्का मारायची सोय आहे, आणि त्या सगळ्या सह्यांच्या मुळाशी रूटची एक किल्ली असते. ती वापरण्याचा समारंभ अमेरिकेत होतो, साधारणपणे वर्षातून चार वेळा. वेगवेगळ्या देशांतले विश्वासू साक्षीदार जमतात, तिजोऱ्या उघडतात, स्मार्टकार्डं बाहेर निघतात, पावलापावलाची नोंद होते, चित्रीकरण होतं. फेब्रुवारी 2020 मध्ये मंडळी जमायच्या बेतात असताना तिजोरीचं कुलूपच बिघडलं. समारंभ काही दिवस पुढे ढकलला. जगाच्या इंटरनेटचा विश्वास त्या आठवड्यात एका कुलूपवाल्याच्या हाती होता. हे वाचून मला ती मंडळी फार आपली वाटली.

असो. आकडा मिळाला की ब्राउझर स्वतः उठतो. ‘आहात का?’ ‘आहे, तुम्ही?’ ‘मीही आहे.’ एवढे तीन निरोप झाल्याशिवाय कामाचं बोलायचं नाही, असा रिवाज आहे. मुंबई ते जिनिव्हा सरळ रेषेत सहा-सात हजार किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर धावतो, म्हणजे जाऊन-येऊन एका फेरीला 60-70 मिलिसेकंद नुसत्या अंतरालाच गेले, आणि समुद्रातल्या तारा काही सरळ रेषेत जात नाहीत. मग ब्राउझर म्हणतो, ‘पान द्या.’ पान येतं.

म्हणजे पानाचा मजकूर येतो. तो वरून खाली वाचताना ब्राउझरला कळतं, की अमुक चित्र अमक्याकडे आहे, अक्षरांचं वळण तमक्याकडे, जाहिराती आणखी कुणाकुणाकडे. प्रत्येक नव्या नावासाठी टेबलांची फेरी नव्याने. सर्नच्या त्या जुन्या पानावर यातलं काहीच नाही. चार ओळी आणि काही दुवे. ते डोळ्यांदेखत उमटतं. बातम्यांचं पान उघडा: बातमी आलेली असते, आपण दुसऱ्या ओळीवर असतो, पुढच्या दुव्यावर बोट टेकवणार, एवढ्यात वरच्या बाजूला जाहिरात अवतरते, सगळा मजकूर चार बोटं खाली सरकतो आणि बोट बरोबर गुडघेदुखीच्या तेलावर पडतं. लगेच ब्राउझर नवा पत्ता घेऊन रिझॉल्व्हरकडे, ‘हे तेलवाले कुठे राहतात हो?’