षष्ठीचा भाव

अ‍ॅमस्टरडॅममधल्या एका लिलावघराच्या मागच्या खोलीत टेबलावर एक चित्र आणि त्याभोवती तीन माणसं: वारसदार, दलाल आणि पारखी. चित्रात शिकारीची देवी डायना आणि तिच्या सख्या. तिच्याकडे मात्र कुणीच बघत नव्हतं. वारसदाराची नजर खालच्या सहीवर, दलालाची वारसदारावर.

"आधी उलटं करा," पारखी म्हणाला.

"अहो, चित्र पुढून काढलंय."

"पुढून मग बघू. फळी ओकची आहे. कडेची वर्तुळं मोजली, की कोणत्या सालाआधी झाड तोडलेलं नाही, ते कळतं."

"आणि चित्र कधी काढलं?"

"ते झाडाला कसं ठाऊक असणार?"

वारसदाराने सहीवर बोट ठेवलं. "व्हर्मीर! कालच केल्यासारखी स्वच्छ."

"तेच खटकतंय. हेगच्या मॉरित्सहाउसमध्ये अशीच एक डायना आहे. १८७६ साली पॅरिसच्या लिलावात घेतली, ती रेम्ब्राँचा शिष्य निकोलास मास याची म्हणून. सहीसुद्धा त्याचीच होती. ती खोटी निघाली आणि खाली व्हर्मीरची पुसट सही सापडली."

"मग ही पुसा की! खाली रेम्ब्राँ निघेल."

पारख्याने चष्मा काढून पुसला. "सही सापडूनही लोक मानेनात. व्हर्मीर म्हणजे खिडकी, पत्र, दुधाची धार. पुराणकथा त्याची कशी असेल? कुणी तर ती युट्रेख्टच्या दुसऱ्याच व्हर्मीरच्या पदरात टाकली. पुढे 'ख्रिस्त मार्था आणि मेरीच्या घरी' हे सहीचं चित्र उजेडात आलं, शेजारी ठेवून ताडून पाहिलं, तेव्हा कुठे ती डेल्फ्टच्या व्हर्मीरची ठरली."

"मुद्द्याचं बोला," दलाल म्हणाला. "यादीत काय छापू? 'व्हर्मीरचे' की 'व्हर्मीरचे मानले जाणारे'?"

आपल्याकडे षष्ठीचा प्रत्यय शाळेबरोबर सुटतो; लिलावघरात त्याच्यावर घरं उठतात आणि बसतात. नुसतं 'चे' असलं तर राजवाडा. 'च्या कार्यशाळेतले', 'च्या वर्तुळातले', 'च्या अनुयायाचे', 'च्या शैलीतले' असं शेपूट लांबत जातं, तसतशी किंमत आखडत जाते. चित्र तेवढंच राहतं.

"आकाश बघा ना, किती सुरेख निळं," वारसदार हिरमुसून म्हणाला.

"त्याचा कण तपासून आलाय. प्रशियन निळा. तो बर्लिनमध्ये निघाला अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. व्हर्मीर गेला १६७५ साली."

वारसदार एकदम ताठ झाला. "हेगच्या डायनावरही निळं आकाश होतंच की! मीही वाचलंय!"

"होतं. मूळच्या अंधारावर कुणीतरी एकोणिसाव्या शतकात दिवस उजाडवला होता. १९९९-२००० च्या दुरुस्तीत तो रंगाखाली झाकला."

"झालं तर! आमच्यावरही कुणीतरी उजाडवला असेल. खाली बघा!"

"बघितलं."

"काय आहे?"

"फळी."

खोलीत शांतता पसरली. दलालाने पेन उघडलं. "मग काय लिहू?"

"डच धाटणीचे, एकोणिसावे शतक."

"अहो, व्हर्मीरचं नाव कुठेच नाही?" वारसदार कळवळला.

"आहे की. शेवटच्या ओळीत: 'व्हर्मीर अशी सही असलेले'." वारसदाराचा चेहरा जरा उजळला.

लिलावघराच्या बोलीत त्याचा अर्थ, सही त्याची नाही.