८५ किलोच्या आत

अहो वहिनी, चोर नव्हता! काल मध्यरात्री आमच्याकडं वाजली ती कुकरचीच शिट्टी. कबड्डीची झोनल खेळून पोरं परतली, त्यातली चार थेट आमच्या दारात. हॉस्टेलची मेस बंद, मग सरांचं घर कशाला आहे? भात दोनदा लावला.

खातील नाही तर काय करतील! मॅचआधी वजन असतंय ना. काटा ८५ किलोच्या वर गेला की पोरगं टीमबाहेर. त्यातला एक, आमचा डावा कोपरारक्षक, गणपतीत आईच्या हातचे मोदक हाणून आलेला. त्याला आमच्या गच्चीवर जर्किन घालून पळवत होते हे. पाणीसुद्धा मोजून. मी म्हटलं, पोराला चक्कर येईल हो. तर म्हणे, "तू मध्ये बोलू नकोस." आणि हे सांगणाऱ्याचं स्वतःचं वजन विचारा! नको, हळू बोला, ते पाठीमागंच अंघोळ करताहेत.

लोकांना वाटतं, फिजिकल डायरेक्टर म्हणजे शिट्टी फुंकायची आणि पगार घ्यायचा. बुद्धिबळाची टीमही यांनीच न्यायची, क्रॉसकंट्रीचीही. फॉर्म, फोटो, दहावीचे दाखले, सगळं आमच्या जेवणाच्या टेबलावर. प्रवासाचे पैसे आधी आपल्या खिशातून, कॉलेजचं बिल निघेल तेव्हा निघेल. परवा पँट धुवायला टाकली, तर खिशातल्या एसटीच्या तिकिटांचा लगदा. त्यावरनं दोन दिवस अबोला.

मुलींची टीम निघाली की सोबत बाईमाणूस लागतं. एकदा कुठल्याच मॅडम मोकळ्या नव्हत्या, मग मीच निघाले. तेव्हापासनं नाद लागला बघा. आपल्या पोरीनं बोनस घेतला, पाय चक्क रेषेपलीकडं, आणि पंच देईनात! म्हणे समोर पाचच जणी. बोनसला समोर सहा तरी लागतात, हे मलाही ठाऊक आहे की. मी उठून ओरडले, "सहा आहेत, मोजा!" पंचांनी यांच्याकडं बघून हिरवं कार्ड काढलं. समज दिली हो, दुसरं काय! परतीच्या एसटीत हे खिडकीकडं तोंड करून बसलेले. पण सहाच होत्या, वहिनी. आजही शपथेवर सांगते.

आता नवीनच लचांड. वन्संच्या मुलीचं लग्न आणि इंटरझोनल एकाच आठवड्यात. हे सख्खे मामा. नवरीला मांडवात आणायचं यांनी. वन्सं म्हणतात, मुहूर्त हलायचा नाही. हे म्हणतात, ड्रॉ विद्यापीठानं काढलाय, तो हलायचा नाही. दोन्हीकडचे फोन माझ्याच मोबाईलवर. मी आपली दोघांनाही हो हो म्हणत्येय.

गुपचूप त्यांच्या चुलतभावाला विचारून ठेवलंय, मामा म्हणून उभा राहशील का. तो तयार आहे, फक्त फेटा चांगला पाहिजे म्हणाला. आणि खरं सांगू? मुली फायनलला पोचल्या तर मीही लग्नाला जाणार नाही, माझी बॅग भरून तयार आहे. वन्संचा फोन आला तर मला ताप आहे म्हणा. तुम्ही सांगितलं की पटतं त्यांना.