बॉनेटमित्र

मांजरी बुद्रुकात कुणाच्याही गाडीचं बॉनेट उघडलं की पाचव्या मिनिटाला काका हजर होतात. साप निघाला तर सर्पमित्राला निदान फोन तरी करावा लागतो; बॉनेटमित्राला तोही लागत नाही. बॉनेट सुटल्याचा तो ‘खट्’ आवाज त्यांना चौथ्या मजल्यावर, टीव्हीवर मालिका आणि ओट्यावर मिक्सर चालू असतानाही बरोबर ऐकू येतो. ते खाली उतरतात. हात पाठीमागे, चष्मा कपाळावर. मिनिटभर इंजिनाकडे रोखून बघतात आणि म्हणतात, “हेड गॅस्केट.”

वायपरचं पाणी भरायला बॉनेट उघडलेलं असलं तरी म्हणतात.

असा गृहस्थ प्रत्येक सोसायटीत असतो, पण मांजरीच्या मातीत तो जरा जास्त फोफावतो. इथे निदानाची परंपराच आहे. उसाचं काय बिघडलंय ते सांगायला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. द्राक्षवेलीच्या तक्रारी ऐकून घ्यायला १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. मग २०२१च्या जूनअखेर गाव पुणे महापालिकेत गेलं, उसाच्या फडांच्या जागी पार्किंगच्या रांगा उभ्या राहिल्या, घरटी दोन गाड्या झाल्या. पण गाडीला काय झालंय ते सांगणारं केंद्र काही सरकारने काढलं नाही. ती उणीव काकांनी विनामोबदला भरून काढली.

काका टेल्कोत होते. हे वाक्य ते अशा स्वरात म्हणतात की पुढे प्रश्न विचारायची सोय उरत नाही. कंपनीचं नाव २००३ साली टाटा मोटर्स झालं, काकांनी ते अजून मंजूर केलेलं नाही. १९९८ची इंडिका म्हणजे ‘आमची इंडिका’. “तिच्या वेळी आम्ही रात्र-रात्र थांबलोय,” असं ते सांगतात, आणि ते खरंच आहे. काका टाइम ऑफिसात होते. कोण किती वाजता आत आलं, कोण किती वाजता बाहेर पडलं, याच्या नोंदी ठेवायला कुणीतरी थांबायला लागतंच. हा तपशील काकूंनी एका हळदीकुंकवात सहज सांगून टाकला. तो तिथून सोसायटीभर गेला, तरी काकांच्या अधिकाराला त्याने बाधा आली नाही. डॉक्टरकीचं प्रमाणपत्र आपण तरी कुठे वाचतो?

त्यांचं वैद्यक घडलं ते कार्बोरेटरच्या काळात. तेव्हा उपचार तीनच होते: चोक ओढा, प्लग साफ करा, पॉइंट घासा. यांतल्या एकाने गाडी हमखास चालू व्हायची, कारण बिघडायचंही तेवढंच. पुढे इंजेक्टर आले, सेन्सर आले, चोकची दांडी डॅशबोर्डावरून नाहीशी झाली. काकांनी हा सगळा प्रकार तात्पुरता मानला. आजही नव्याकोऱ्या गाडीपाशी उभं राहून ते “कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय” असं सांगतात. त्या गाडीत कार्बोरेटरच नाही, हे कुणी नजरेस आणून दिलं तर म्हणतात, “तेच तर चुकलं यांचं.”

आता दुसरी बाजू. सोलापूर रस्त्यावरून आत वळलं की पत्र्याच्या शेडमध्ये एक गॅरेज आहे. तिथला मिस्त्री कमी बोलतो. निदान तर मुळीच सांगत नाही, नुसते प्रश्न विचारतो. “आवाज कधी येतो? गाडी थंड असताना का गरम झाल्यावर? सरळ जाताना का वळताना? ब्रेक दाबल्यावर येतो, का दाबल्यावर जातो?”

गंमत अशी की या साध्या प्रश्नांची उत्तरं भल्याभल्यांना देता येत नाहीत. मोठ्या कंपनीत पन्नास माणसं हाताखाली असलेला मॅनेजर भर रस्त्यात गालांचा चंबू करून “घुंईंईं” असं करून दाखवतो. मिस्त्री शांतपणे विचारतो, “स्पीड वाढला की घुंईं वाढतं का?” वाढतं म्हटल्यावर तो चाक उचलून हाताने फिरवतो, बेअरिंग बघतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू घेताना ‘कट्कट्कट्’ झालं तर एक्सलचा बाहेरचा जॉइंट. सकाळी पहिल्या सेल्फला ‘चींईं’ करून गप्प झाली तर बेल्ट. गतिरोधकावर ‘खट्खट्’ म्हणजे लिंक रॉड नाहीतर बुश, आणि आमच्याकडचे रस्ते बघता हा आवाज गाडीबरोबरच मिळतो असं धरून चालायचं. ऐंशीच्या वर स्टिअरिंग थरथरलं तर आधी चाकांचं बॅलन्सिंग. थरथर फक्त ब्रेक मारल्यावर असेल तर डिस्क. पण यातलं काहीच तो आवाज ऐकल्याबरोबर बोलत नाही. किल्ली घेतो, मालकाला शेजारी बसवतो आणि चक्कर मारून येतो.

काका मात्र गाडी बंद असतानाच सगळं ओळखतात.

उन्हाळ्यात एका नव्या मालकाने गाडीखाली पाण्याचं थारोळं पाहिलं आणि तो पांढराफटक पडला. काकांनी वाकून त्यात बोट बुडवलं, बोट नाकाशी नेलं, डोळे मिटले. “कूलंट. रेडिएटर गेला.” मिस्त्रीनेही बोट बुडवलं. कूलंटला रंग असतो, हाताला ते तेलकट लागतं, वास गोडसर येतो. “काका, एसीचं पाणी आहे. पडलंच पाहिजे. नाही पडलं तर सांगा.”

रेल्वे फाटकाशी तर काकांनी एकदा कमालच केली. फाटक पडलेलं, रांग लांबलेली, आमच्याच सोसायटीतल्या एका गाडीच्या तापमानाचा काटा वर चढलेला. मागच्या सीटवर काका. “हेड गॅस्केट. इंजिन खोलावं लागणार. चाळीस हजार धरून चाल.” एवढं बोलून ते खाली उतरले, रुमाल हातावर गुंडाळला आणि रेडिएटरचं झाकण फिरवायला निघाले. मागच्याच रांगेत मिस्त्री मोटारसायकलवर होता म्हणून बरं. त्याने त्यांचं मनगट धरलं. गरम रेडिएटरमध्ये पाणी दाबाखाली असतं. झाकण सुटलं की ते उसळून थेट तोंडावर येतं. मग त्याने मालकाला एकच विचारलं: “पळताना काटा खाली येतो का?” येत होता. पळत्या गाडीला समोरून वारा मिळतो, उभ्या गाडीची सगळी भिस्त पंख्यावर. पंखाच फिरत नव्हता. फ्यूज उडालेला. इंजिन गार झाल्यावर तो बदलला आणि काम झालं. काका म्हणाले, “फ्यूज का उडाला ते बघ. हेड गॅस्केट असणार.”

उंदरांचं प्रकरण वेगळं. शेजारचा ऊस तोडला गेला की तिथले उंदीर बेघर होतात आणि उबेला बॉनेटमध्ये येतात, वायरी कुरतडतात. काकांचा उपाय म्हणजे इंजिनावर तंबाखूची पुडी. सगळ्या पार्किंगमध्ये त्यांनी पुड्या वाटल्या. दुसऱ्या दिवशी पुड्या रिकाम्या. उंदरांना व्यसन लागलं असं काका म्हणाले, वॉचमन काहीच बोलला नाही.

अलीकडे जावयाने काकांना स्कॅनर आणून दिला. डॅशबोर्डाखालच्या सॉकेटात खोचायचा, मोबाइलवर कोड वाचायचा. पहिल्याच दिवशी एका गाडीचा कोड निघाला ‘पी ०३०१’. पहिला सिलिंडर मिस मारतोय. काकांनी लगोलग जाहीर केलं, “इंजिन गेलं. मशीनच सांगतंय.” मिस्त्रीने पहिल्या सिलिंडरची कॉइल काढून दुसऱ्यावर बसवली, दुसऱ्याची पहिल्यावर. गाडी फिरवून आणली. आता कोड आला ‘पी ०३०२’. दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच खराब. सरकला नसता तर प्लग बघायचा, मग इंजेक्टर. यंत्र ठिकाण सांगतं, कारण माणसानेच शोधायचं, हे त्याने न बोलता करून दाखवलं. काकांना ही पद्धत पटली नाही. “ही काय अदलाबदल? हा तर अंदाज झाला!”

त्यांची स्वतःची गाडी? ‘आमची इंडिका’च, चंदेरी कव्हराखाली, आठवड्याला धुतलेली आणि कुठेही न नेलेली. बॅटरी उभ्या-उभ्याच उतरते. सेल्फ मारला की नुसतं ‘टिक्-टिक्-टिक्’. मिस्त्री येऊन जंपर लावतो, पैसे घेत नाही.

पैसे का घेत नाही, याचं मला कोडं होतं. त्याच्या गॅरेजात काकांसाठी प्लास्टिकची खास खुर्ची असते, चहाही येतो, आणि त्यांची बडबड तो चकार शब्द न काढता सहन करतो. स्वभावच गरीब, असं मी समजत होतो. मध्ये काका लेकीकडे सोलापूरला गेले. मी गॅरेजात गेलो तर एक गिऱ्हाईक ब्रेक पॅडच्या बिलावर घासाघीस करत होतं, दुसरं “एवढ्याशा फ्यूजचे एवढे?” म्हणून तणतणत होतं. खुर्ची रिकामी होती. मिस्त्रीने हात पुसले, मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, “काका कधी येणार हो? ते आधी चाळीस हजार सांगतात ना, मग मी चारशे मागितले की लोक हात जोडून देतात.”