बिबट्यासाठी फोन वाजतो, माणसासाठी का नाही?

बिबट्या दिसला की सातारा-सांगलीतल्या कितीतरी गावांत एका दमात सगळ्यांचे मोबाइल वाजतात. ही डी. के. गोर्डे यांनी उभी केलेली ग्राम सुरक्षा यंत्रणा. 18002703600 या टोल फ्री नंबरवर एकानं फोन लावायचा. त्याच्याच आवाजातला निरोप नोंदणी केलेल्या सगळ्यांना कॉल म्हणून जातो. साधा फोन चालतो, इंटरनेट लागत नाही. चोर, आग, पूर, हरवलेलं पोर, सगळ्यासाठी गाव धावतं.

मग पारावर बसलेला माणूस धाडकन कोसळला, त्याचं हृदय थांबलं, तर हाच फोन शेजारच्या आळीत का वाजू नये?

आज काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. घोळका जमतो. कुणी तळपाय चोळतं, कुणी कांदा फोडून नाकाशी धरतं, कुणी शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओततं. ते पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं, हे त्या घाईत कोण सांगणार? एकजण 108 ला फोन लावतो. ते केलंच पाहिजे. पण कोयनेच्या खोऱ्यातल्या वाडीवर किंवा जत तालुक्यातल्या उमदीला गाडी पोचायला किती वेळ लागतो, ते तिथल्या माणसांना विचारा. छाती दाबायला कुणी नसेल तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला 7 ते 10 टक्क्यांनी घटते. म्हणजे गाडी फाट्यावर वळण्याआधीच निकाल लागलेला असतो.

स्टॉकहोममध्ये हे करून पाहिलंय. छाती दाबायचं शिक्षण घेतलेल्या हजारो नागरिकांची नोंदणी केली. कुणी कोसळलं की त्याच्यापासून 500 मीटरच्या आत असलेल्यांना मोबाइलवर निरोप जायचा. 2015 मध्ये निकाल छापून आले: निरोप गेला तिथं 62 टक्के रुग्णांची छाती रुग्णवाहिका येण्याआधी कुणीतरी दाबायला घेतली होती, निरोप गेला नाही तिथं 48 टक्के. वाचलेल्यांच्या संख्येत मात्र ठोस फरक सिद्ध झाला नाही. माझं लक्ष त्या 48 वर जातं. तिथं फोन न वाजताही जवळपास निम्म्या वेळा कुणीतरी गुडघे टेकत होतं, कारण लोक आधीच शिकलेले होते. अशा यंत्रणेचं नुसतं उद्घाटन करून फोटो काढणाऱ्यांनी हे नीट वाचावं. शिकलेले हातच नसतील तर फोन वाजून आणखी एक घोळका जमेल, एवढंच.

म्हणून या कामासाठी अख्ख्या गावाला फोन नको. वेगळी यादी हवी, आणि यादीसाठी माणसं आपल्याकडे आहेत. साताऱ्यात अपशिंगे मिलिटरीसारखी सैनिकांची गावं आहेत, गावोगाव माजी सैनिक आहेत. आशाताई आहेत, शाळेचे गुरुजी आहेत, तालमीतली पोरं आहेत. शिकवायला कराड आणि मिरजेची वैद्यकीय महाविद्यालयं हाकेच्या अंतरावर आहेत. शिकायचं तरी किती? माणूस हाकेला ओ देत नाही, श्वास नीट चालत नाही, मग छातीच्या मधोमध तळहात टेकवा, कोपर ताठ ठेवा, मिनिटाला 100 ते 120 वेळा, दोन इंच खोल दाबा. रोज शेकड्यांनी जोर मारणाऱ्या पोराला हे जड आहे का?

कायद्याचा हात आखडता आहे, तेही बोललं पाहिजे. रस्त्यावरच्या अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनं घातलेल्या कलमाचं संरक्षण आहे. पारावर कोसळलेल्यासाठी धावणाऱ्याला त्या कलमाचा उपयोग नाही. आमदार-खासदारांनी हा प्रश्न सभागृहात विचारावा.

आणि हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र? ते सुरू केलं की काय करायचं ते स्वतःच बोलून सांगतं, झटक्याची गरज आहे की नाही हेही तेच ठरवतं. किंमत साधारण लाख-दीड लाख. यात्रेच्या फडात शेवटच्या कुस्तीला गावं वर्गणी काढून याहून मोठं इनाम लावतात. कुस्ती व्हायलाच हवी. पण पुढच्या यात्रेची वर्गणी काढताना पावतीपुस्तकात या यंत्रासाठी एक रकाना वाढवा, आणि यंत्र ग्रामपंचायतीच्या कुलूपबंद कपाटात न ठेवता एसटी स्टँडवर लावा.