तिसऱ्या पेडलची प्रतिष्ठा

१९९३ साली आलेल्या टोयोटा सुप्राच्या टर्बो आवृत्तीत, म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर पंखा फिरवून इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या आवृत्तीत, चार गिअरची ऑटोमॅटिक आणि सहा गिअरची मॅन्युअल अशा दोन्ही पेट्या मिळत. परंतु पहिली ज्याच्या वाट्याला आली, त्याला शौकिनांच्या पंगतीत मानाचे पान मिळत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी ऑटोमॅटिकच्या जागी मॅन्युअल पेटी बसवली जाते; त्यासाठी टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे तेलाच्या माध्यमातून इंजिनाची ताकद पुढे पोहोचवणारा भाग, उतरवून फ्लायव्हील व क्लच चढवले जातात, डॅशबोर्डखाली वाकून पत्र्याला भोक पाडून क्लचचा मास्टर सिलिंडर बसवला जातो, आणि गाडी 'पार्क' वा 'न्यूट्रल'मध्ये असल्याखेरीज स्टार्टर फिरू न देणाऱ्या तारा एकमेकींना जोडून संगणकाची समजूत काढली जाते. गेट्राग कंपनीची मूळची मॅन्युअल पेटी दुर्मिळ झाल्याने तिचा भाव प्रतिष्ठेच्या प्रमाणात वाढतो, हे ओघाने आलेच.

गंमत अशी, की ज्यांना ड्रॅग शर्यत, म्हणजे सरळ पट्ट्यावरील अल्प अंतराची धाव, खरोखर जिंकायची असते, त्यांतले कित्येक हीच मॅन्युअल काढून जनरल मोटर्सची १९६४ सालची तीन गिअरची ऑटोमॅटिक बसवतात, कारण कन्व्हर्टरमुळे गाडी जागेवर उभी असतानाच टर्बोचा दाब चढवता येतो आणि गिअर बदलताना तो ओसरत नाही. त्यांना कर्मठ म्हणावे की पाखंडी, याविषयी शौकिनांत अद्याप एकवाक्यता नाही.